पाण्यानें थंड राखलेला संगणक

कोणतेंही यंत्र घ्या, तें कामास लागलें कीं तापतें. भाताची गिरणी असो, विहिरीवरचें तेलाचें इंजिन असो, कीं तिरोड्याचें औष्णिक विद्युत्केंद्र असो; यंत्रास दिलेल्या शक्तीचा कांहीं भाग उष्णतेच्या रूपानें वायां जातो, आणि ती उष्णता वेळींच बाहेर न काढिली तर यंत्र निकामी होतें. संगणकाची गोष्ट याहूनही विलक्षण आहे. गिरणी निदान तांदूळ तरी काढून देते, इंजिन पाणी उपसतें. संगणकाचें काम केवळ आकड्यांचें. म्हणून त्याला दिलेली वीज जवळजवळ सगळीच्या सगळी शेवटीं उष्णता होऊन बसते. ४०० वॅट वीज खाणारा संगणक हा खोलीच्या दृष्टीनें ४०० वॅटची शेगडीच होय, मग तो गणित सोडवीत असो अथवा खेळ दाखवीत असो.

गेल्या कांहीं वर्षांत पारदर्शक नळ्यांतून निळें-तांबडें पाणी खेळत आहे व पेटीवर व्हिनाइलचें रंगीत वेष्टन चढविलें आहे, अशा संगणकांचीं चित्रें मुलांच्या पाहण्यांत येऊं लागलीं आहेत. आणि तसें यंत्र आपणही स्वतःच्या हातानें जुळवावें अशी उत्कंठा गोंदियासारख्या जिल्ह्याच्या गांवींही उत्पन्न झाली आहे. उत्कंठा चांगलीच आहे. परंतु पालकांच्या मनांत साहजिकच दोन शंका येतात. विजेच्या यंत्रांत पाणी खेळविणें म्हणजे घरांत संकट बोलावून आणणें नव्हे काय? आणि एवढा पैसा ओतून पदरांत काय पडणार? ह्या दोन्ही शंकांचीं उत्तरें शाळेंत शिकविलेल्या पदार्थविज्ञानांतच मिळतात, म्हणून हा विषय आम्हीं आज हातीं घेतला आहे.

प्रथम ही उष्णता वाढली कशी तें पाहूं. १९७८ सालीं निघालेला इंटेल कंपनीचा ८०८६ हा प्रोसेसर सुमारें दोन वॅट वीज घेई. त्यावर साधा पंखाही बसवावा लागत नसे. २०२३ सालीं बाजारांत आलेला त्याच कंपनीचा कोअर आय-९ १४९००के हा प्रोसेसर पूर्ण नेटानें चालूं लागला म्हणजे २५३ वॅटपर्यंत वीज घेतो, आणि २०२२ सालचें एनव्हिडिया कंपनीचें आरटीएक्स ४०९० हें ग्राफिक्स कार्ड एकटेंच ४५० वॅट. पण खरी अडचण आकडा मोठा असल्याची नव्हे. ही उष्णता सिलिकॉनच्या लहानशा चकतींतून बाहेर पडते, ही आहे. घरांतील १००० वॅटच्या इस्त्रीचा तळ सुमारें २०० चौरस सेंटिमीटर धरिला, तर दर चौरस सेंटिमीटरास ५ वॅट होतात. वर सांगितलेल्या प्रोसेसरच्या चकतीचें क्षेत्रफळ अडीच चौरस सेंटिमीटरांच्या आसपास आहे. तेथें हाच हिशेब दर चौरस सेंटिमीटरास १०० वॅटांवर जातो. म्हणजे इस्त्रीच्या वीसपट! इस्त्री तापावी म्हणून आपण वीज देतों, आणि येथें मात्र ती तापूं नये म्हणून धडपडावें लागतें.

पाण्याचा उपाय नवा नाहीं, आणि तो केवळ हौसेखातरही निघालेला नाहीं. आयबीएम कंपनीनें १९८० सालीं जाहीर केलेल्या ३०८१ ह्या मोठ्या संगणकांत चकत्यांची उष्णता पाण्यानेंच वाहून नेली जाई. १९८५ सालच्या क्रे-२ ह्या महासंगणकांत तर विजेचीं मंडलें एका वीज न वाहणाऱ्या फ्लोरिनयुक्त द्रवांत बुडवूनच ठेविलेलीं असत. आपल्या महाराष्ट्रांतही हें शास्त्र आलें आहे. प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, ही संस्था १९८८ सालीं पुण्यास स्थापन झाली, व १९९१ सालीं तिनें परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला. ह्या कार्याचे धुरीण डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यांतील मुरंबा गांवचे, अभियांत्रिकीचें शिक्षण नागपुरास घेतलेले, म्हणजे आपल्या विदर्भांतलेच. पुढें २०१९ सालीं पुण्याच्या आयसर संस्थेंत परम ब्रह्म हा महासंगणक बसविण्यांत आला. त्याची प्रारंभींची शक्ति ७९७ टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदास ७९७ लाख कोटी गणितक्रिया एवढी होती, आणि त्याची उष्णता काढून नेण्याचें काम वाऱ्याकडे न देतां द्रवाकडे सोंपविलेलें आहे. तेव्हां विजेजवळ पाणी आणणें हें अविचाराचें कृत्य नव्हे. तें कसें आणावें ह्याला मात्र नियम आहेत.

पाणीच कां, हें आतां समजून घेऊं. पुष्कळांचा समज असा कीं पाणी उष्णतेचें उत्तम वाहक आहे. तो खरा नाहीं. वहनाच्या बाबतींत तांब्यापुढें पाणी कांहींच नव्हे. तांब्याची वाहकता पाण्याच्या सहाशेंपटींहून अधिक आहे. पाण्याचा गुण निराळाच आहे. एक किलो पाण्याचें उष्णतामान एक अंशानें वाढविण्यास सुमारें ४१८० जूल उष्णता लागते. आपल्या नित्य परिचयाच्या पदार्थांत एवढी उष्णता पोटांत घेऊन एवढें थोडें तापणारें दुसरें कांहीं नाहीं. समान आकारमान घेतलें तर पाणी हवेच्या सुमारें साडेतीन हजारपट उष्णता सांठवितें. म्हणून तांबें चकतीपासून उष्णता ओढून घेतें, पाणी ती पाठीवर घालून दूर नेतें, आणि शेवटीं तीच हवेच्या हवालीं होते. उष्णता नाहींशी कोणीच करीत नाहीं. ती केवळ जेथें नको तेथून जेथें चालेल तेथें नेली जाते.

ह्या प्रवासाचीं साधनें थोडींच आहेत. प्रोसेसरवर जो तांब्याचा ठोकळा बसतो त्यास वॉटर ब्लॉक म्हणतात. त्याच्या पोटांत केसासारख्या बारीक चिरा कापलेल्या असून त्यांतून पाणी वाहतें. प्रोसेसर व ठोकळा यांच्यामध्यें थर्मल पेस्ट नांवाचा लेप द्यावा लागतो, कारण दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यामध्यें सूक्ष्म खळगे राहतात व त्यांतील हवा उष्णता अडविते. लेप वाटाण्याएवढा पुरे; जाड थापला तर तोच अडसर होतो. मग पाणी फिरविणारा पंप, पाण्याची छोटी टाकी, नळ्या, नळ्यांच्या टोकांस रबरी कड्यांच्या फिटिंग, आणि पंखे लावलेला रेडिएटर. रेडिएटर म्हणजे मोटारीच्या नाकाशीं असतो त्याचेंच धाकटें भावंड. त्याचें नांव मात्र फसवें आहे. त्यांतून विकिरणानें जाणारी उष्णता नगण्य असते, जवळजवळ सारी उष्णता पात्यांमधून वाहणारा वाराच नेतो. विहिरीवरचें इंजिन ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस हें सारें ओळखीचें वाटेल. भेद इतकाच, कीं तेथें उपसलेल्या पाण्याचाच एक फांटा इंजिनांतून जातो आणि गरम होऊन शेतांत पडतो, परत येत नाहीं. येथें तेंच लिटरभर पाणी दिवसभर फेऱ्या घालतें.

येथें एक शंका विद्यार्थी हमखास काढतात. पेटी उंच असेल तर एवढासा पंप पाणी वर चढवील कसें? आपल्या भागांत तलावांचें पाणी उतारानें पाटांत सोडलेलें आपण पाहतों, म्हणून पाणी वर नेणें म्हणजे कष्ट, ही समजूत पक्की झालेली असते. उघड्या पाटांत ती खरीच आहे. परंतु भरलेल्या व बंद वर्तुळांत जेवढें पाणी एका नळींतून वर चढतें तेवढेंच दुसऱ्या नळींतून खालीं उतरतें, आणि उतरणाऱ्याचा भार चढणाऱ्यास उचलून धरतो. विहिरीच्या रहाटास दोन्हीकडे सारख्या बादल्या बांधाव्या तसेंच हें. पंपास झगडावें लागतें तें केवळ नळ्यांच्या व ठोकळ्यांतील चिरांच्या घर्षणाशीं. मात्र प्रथम पाणी भरतांना वर्तुळ रिकामें असतें, त्या वेळीं हा न्याय लागूं नाहीं. म्हणून टाकी पंपाच्या वर ठेवावी, आणि पंप कधींही कोरडा चालवूं नये. त्याचें वंगण म्हणजे पाणीच होय.

दुसरा वाद पाण्याच्या वाटेविषयीं. गरम पाणी प्रोसेसरकडून ग्राफिक्स कार्डाकडे गेलें तर दुसऱ्यावर अन्याय होतो, म्हणून मध्यें रेडिएटर हवाच, असें कित्येक जण हिरिरीनें सांगतात. वाद घालण्यापेक्षां हिशेब करावा. समजा, दोन्ही मिळून ४०० वॅट, म्हणजे सेकंदास ४०० जूल उष्णता पाण्यांत सोडतात, आणि पंप मिनिटास ४ लिटर पाणी फिरवितो. म्हणजे सेकंदास किलोच्या पंधराव्या भागाएवढें पाणी जातें, आणि तें एक अंश तापण्यास सुमारें २७९ जूल लागतात. ४०० ला २७९ नें भागिलें कीं उत्तर येतें सुमारें दीड अंश. सबंध फेरींत पाण्याच्या सर्वांत गार व सर्वांत गरम जागेंत अंतर काय तें एवढेंच! पंप मंदावून मिनिटास एकच लिटर देऊं लागला तरी हें अंतर पावणेसहा अंशांच्या आंत राहतें. तेव्हां नळ्या ज्या वाटेनें आंखूड व सरळ जातील ती वाट उत्तम. नियम पाळावयाचा तो एकच, टाकींतून पाणी थेट पंपांत उतरावें.

याच हिशेबाची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. रेडिएटर मुळीं जोडलाच नाहीं आणि वर्तुळांत एक लिटर पाणी आहे असें धरा. ४०० वॅटांनीं तें दर साडेदहा सेकंदांस एक अंश चढेल, व ३० अंशांवरून ६० अंशांवर पोंचण्यास त्यास पांच मिनिटांहून थोडाच अधिक वेळ लागेल. मोठी टाकी घेतली म्हणजे यंत्र गार राहील ही समजूत ह्यावरून निकालांत निघते. मोठ्या टाकीनें तापण्यास उशीर लागतो, तापणें चुकत नाहीं. खरें काम रेडिएटरचें व त्याच्या पंख्यांचें. ढोबळ मानानें १२० मिलिमीटरच्या प्रत्येक पंख्यामागें १०० ते १५० वॅट धरितात; ४०० वॅटांस तीन पंख्यांचा ३६० मिलिमीटर लांबीचा रेडिएटर हवा, आणि आमच्या मतें गोंदियाच्या उन्हाळ्यासाठीं आणखी एक असल्यास बरा.

उन्हाळ्याचा उल्लेख आला, तर ह्या विषयांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट येथेंच सांगून टाकूं. रेडिएटरमधून पाणी आजूबाजूच्या हवेपेक्षां अधिक गार कधींही होत नाहीं. हवा ज्या उष्णतामानावर असेल त्याच्या वर कांहीं अंशांवर पाणी स्थिरावतें, आणि पाण्याच्या वर आणखी कांहीं अंशांवर प्रोसेसर. चांगल्या जुळणींत हवा व पाणी यांत १० अंश आणि पाणी व प्रोसेसर यांत ३५ अंश अंतर धरूं. जानेवारीच्या सकाळीं खोलींत १८ अंश असतां पाणी २८ व प्रोसेसर ६३ अंशांवर राहील. तेंच मे महिन्याच्या दुपारीं, बाहेर पारा ४५ च्या घरांत असतां, खोली ४० अंशांवर असेल तर पाणी ५० व प्रोसेसर ८५ अंशांवर जाईल. आजचे पुष्कळ प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या सुमारास आपण होऊन गति कमी करतात. म्हणजे आपल्या हातीं उरलेली सवड अवघी १०-१५ अंशांची. पुष्कळ पंपांची मर्यादाही ६० अंशांच्या पाण्यापर्यंतच असते, आणि पीईटीजी नांवाच्या प्लास्टिकच्या कडक नळ्याही त्या सुमारास मऊ पडूं लागतात. थंड देशांतील लोकांनीं दिलेले आकडे वाचून येथें यंत्र जुळविणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें.

कोणी विचारील, मग माठांतलें पाणी हवेपेक्षां गार कसें होतें? माठ पाझरतो, पाझरलेलें पाणी वाफ होऊन उडतें, आणि एक किलो पाणी वाफ होतांना सुमारें २४०० किलोजूल उष्णता बरोबर घेऊन जातें. तिरोड्याच्या ३३०० मेगावॅटच्या केंद्रांत ६६० मेगावॅटचे पांच संच आहेत. तेथील उंच शीतन-मनोऱ्यांचें तत्त्व माठाचेंच. वैनगंगेचें पाणी तेथें नुसतें फिरत नाहीं, त्यांतील कांहीं भाग वाफ होऊन आकाशांत जातो व उरलेल्यास गार करितो. म्हणून त्या केंद्रास नदी लागते. संगणकाचें वर्तुळ बंद. त्यांतून वाफ जात नाहीं, म्हणून त्याला नदी नको, पण माठाचा लाभही नाहीं. तो लाभ हवा असेल तर खोलीलाच माठ करावें, म्हणजे विदर्भांतील घरोघरचा वाळ्याचा कूलर लावावा. कोरड्या उन्हाळ्यांत खोली जितके अंश उतरेल तितकेच अंश प्रोसेसरही उतरतो. मात्र कूलरच्या तोंडासमोर यंत्र ठेवूं नये, तुषार उडतात. पावसाळ्यांत कूलरचा उपयोग फारसा नाहीं, पण तेव्हां त्याची गरजही तेवढी नसते.

टाकींत बर्फ घालण्याची युक्ति मुलांस सुचल्यावांचून राहत नाहीं. ती घातक आहे. थंड पाण्याच्या पेल्यास बाहेरून जसें दंव सुटतें, तसें तें नळ्यांस व ठोकळ्यास सुटेल, आणि थेंब थेट मदरबोर्डावर पडतील. यंत्रांतील पाणी हवेपेक्षां किंचित् गरम असणें हीच त्याची सुरक्षितता आहे.

आतां पैशाचा प्रश्न. आमचें मत स्पष्ट आहे. अभ्यास, लेखन, हिशेब, चित्रपट पाहणें, शाळेंतील प्रोग्रॅमिंग, एवढ्यासाठीं जलशीतनाची मुळींच आवश्यकता नाहीं. ती कामें करणारा प्रोसेसर धातूच्या पात्यांच्या व एका चांगल्या पंख्याच्या जोरावर वर्षानुवर्षें सुखानें चालतो, आणि त्या पंख्याच्या कित्येकपट किंमत पाण्याच्या साहित्यास पडते. जेथें चित्रपटाचें संकलन, त्रिमितीय रेखाटन किंवा असेंच तासन्‌तास चालणारें जड काम आहे, तेथें पाणी उपयोगी पडतें. तेंही मुख्यत्वें आवाज कमी होण्याच्या दृष्टीनें, कारण मोठ्या रेडिएटरवरचे पंखे सावकाश फिरूनही भागतें. कारखान्यांतच पाणी भरून बंद केलेला तयार संच मिळतो. पुष्कळांची गरज तेवढ्यानें भागेल. स्वतः नळ्या कापून, वळवून केलेली जुळणी ही गरज नव्हे, शिक्षण आहे किंवा हौस आहे. दोन्ही वाईट नाहींत, पण वडिलांपाशीं पैसे मागतांना मुलानें तिला गरज म्हणूं नये.

जुळणी करावयाची ठरली तर धातूंकडे आधीं पाहावें. साहित्य बहुधा बाहेरगांवाहून मागवावें लागतें, व स्वस्त मिळतें म्हणून कोणी ॲल्युमिनियमचा रेडिएटर व तांब्याचा ठोकळा एकत्र घेतो. व्होल्टानें १८०० सालीं दोन निराळे धातु व खारें पाणी घेऊन विद्युद्घट केला, हें विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. तांबें, ॲल्युमिनियम आणि त्यांच्यामध्यें खेळणारें पाणी म्हणजे तोच घट! त्यांत ॲल्युमिनियम झिजत जातें, त्याचा गाळ ठोकळ्याच्या बारीक चिरांत जाऊन बसतो, आणि शेवटीं रेडिएटरास भोंक पडतें. म्हणून तांबें, पितळ व निकेलचा मुलामा एवढ्यांतच सारें साहित्य असावें.

पाणी नळाचें किंवा विहिरीचें चालणार नाहीं. त्यांतील क्षार चिरांत बसतात. इन्व्हर्टरच्या बॅटरींत घालावयाचें शुद्ध पाणी गांवांत सहज मिळतें, पण बाटलीवरची चिठी नीट वाचावी, कारण त्याच दुकानांत बॅटरीचें ॲसिडही तशाच बाटल्यांतून ठेविलेलें असतें. शुद्ध पाण्यांत शेवाळ व गंज यांना रोखणारें औषध घालावें लागतें, नाहीं तर तयार मिश्रणच घ्यावें. शुद्ध पाण्यांतून वीज फार थोडी वाहते हें खरें. परंतु त्यावर विसंबून गळतीची पर्वा न करणें हा वेडेपणा होय. तांब्यावरून व नळ्यांवरून कांहीं दिवस फिरल्यावर त्यांत आयन उतरतात, मदरबोर्डावरची धूळ त्यांत मिसळते, आणि मग तें साधें पाणीच असतें.

म्हणूनच सर्व कृतींत गळतीची परीक्षा ही मुख्य. रेडिएटर प्रथम गरम शुद्ध पाण्यानें तीन-चार वेळां खळखळून घ्यावा. नव्या रेडिएटरांतून डाखाचे कण निघतात. नळीचें टोक काटकोनांत कापून त्याची धार घांसून काढावी, नाहीं तर ती फिटिंगमधील रबरी कडें कापते. फिटिंग हातानें आवळाव्या, पान्याचा जोर लावूं नये. नंतर भरण्याआधीं वर्तुळांत हातपंपानें थोडी हवा दाबून काटा उतरतो कीं काय तें पाहावें. काटा स्थिर राहिला तरच पाणी भरावें. प्रत्येक सांध्याखालीं कोरडा टिपकागद ठेवावा, आणि फक्त पंपासच वीज देऊन, बाकी कोणत्याही भागास वीज न देतां, २४ तास पाणी फिरवावें. वीज पुरविणारी पेटी उघडण्याचें मात्र कारणच नाहीं. बंद केल्यावरही तिच्यांत विजेचा भार राहतो. घरच्या अर्थिंगची तपासणी जाणत्या वायरमनकडून करून घ्यावी, आणि हें काम करतांना घरांतील वडील माणूस जवळ असावें. दुसऱ्या दिवशीं एकही कागद ओला नसला म्हणजे बाकीच्या तारा जोडाव्या. सर्वांत खालच्या जागीं पाणी काढण्याची एक तोटी ठेवण्यास विसरूं नये.

पेटीचें वेष्टन हें काम खरें तर ह्या सगळ्याच्या आधीं, पेटी रिकामी असतांना करावयाचें. व्हिनाइलचा पातळ, एका बाजूस गोंद असलेला तक्ता गांवांत कोठें मिळेल म्हणाल तर रेडियमच्या दुकानांत. गाड्यांचे क्रमांक, देवांचीं नांवें, रिक्षांवरचीं वाक्यें कापून देणाऱ्या ह्या दुकानांस सारा महाराष्ट्र रेडियमचें दुकान म्हणतो. क्यूरी दांपत्यानें १८९८ सालीं शोधिलेल्या रेडियम धातूचा त्या तक्त्यांत कणही नसतो. तक्ता दोन जातींचा असतो. एक रुळांमध्यें दाबून लांबविलेला. तो स्वस्त, पण लांबविल्याची आठवण त्याच्या अंगांत राहते आणि उष्णतेनें तो आंखडून कडेला सुटतो. दुसरा द्रवरूपांत ओतून वाळविलेला. तो सुमारें ५० मायक्रॉन जाड, महाग, पण वळणावर नीट बसतो. सपाट पत्र्यास पहिला पुरे, कोपऱ्यांस दुसरा बरा. रेडियमवाल्या कारागिरास आपण पंधरा मिनिटें काम करतांना पाहिलें तर जें शिकतां येईल तें कोणत्याही लेखांत लिहितां येणार नाहीं.

पत्रा साबणानें धुऊन, वाळवून, आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसावा. तक्ता चहूंकडून दोन-तीन सेंटिमीटर मोठा कापावा, पाठीचा कागद एकदम न काढतां थोडथोडा काढीत मऊ पट्टीनें मध्यापासून कडेकडे दाबीत जावें. राहिलेला बुडबुडा सुईनें टोंचून बसवावा. कोपऱ्यावर केस वाळविण्याच्या यंत्राची गरम हवा देऊन तक्ता अलगद ताणावा. फार ताणिला तर रंग फिका पडतो. पंखा बंद ठेवावा, कारण गोंदिया हें भाताच्या गिरण्यांचें गांव. हवेंत कोंड्याची बारीक धूळ असते, आणि एक कण खालीं राहिला तरी वर पुटकुळी दिसते. मे महिन्यांतील दुपार ह्या कामास वर्ज्य. तापल्या पत्र्यास गोंद लागतांच पकडतो व उचलूं देत नाहीं. पहाटे करावें, किंवा दिवाळीनंतर. वारा आंत-बाहेर जाण्याच्या जाळ्यांवर वेष्टन मुळींच येऊं देऊं नये, आणि जेथें स्क्रूनें पत्र्यास पत्रा भिडतो तेथें धातु उघडा राहूं द्यावा, म्हणजे अर्थिंग तुटत नाहीं. बाकी वेष्टनानें पेटी तापते ही भीति निराधार आहे. उष्णता पत्र्यांतून जातच नाहीं, ती वाऱ्याबरोबर जाते.

एवढें झाल्यावर यंत्राची निगा थोडीच उरते. महिन्या-दोन महिन्यांनीं रेडिएटरच्या पात्यांतील कोंडा ब्रशानें व फुंकणीनें काढावा. त्या वेळीं पंख्याचें पातें बोटानें धरून ठेवावें, उलट फिरूं देऊं नये. वर्षांतून एकदां, शक्य तर होळीच्या सुमारास, उन्हाळा लागण्यापूर्वीं, पाणी बदलावें. काढलेलें पाणी पांढऱ्या वाडग्यांत घेऊन उजेडांत पाहावें. स्वच्छ असलें तर नवें भरून मोकळें व्हावें. हिरवट झालें असेल तर शेवाळ किंवा तांब्याचा गंज समजून सारें वर्तुळ धुवावें. आणि तळाशीं करडा गाळ बसला असेल तर ठोकळा उघडून त्याच्या चिरा जुन्या दांतांच्या ब्रशानें साफ करून, नवें रबरी कडें घालून, गळतीची परीक्षा पुन्हां पहिल्यापासून घ्यावी.